कालव्याचं पाणी कोणी बंद केलं?

इस्पितळात शिरल्याबरोबर डाव्या हाताला एक काचेची खिडकी आहे. काचेला तळहाताएवढं गोल भोक आहे आणि त्या भोकाशी तोंड आणून माणसं दिवसभर विचारत असतात. एक्स-रे कुठे काढतात, हाडांचे डॉक्टर आले का, आमचा पेशंट वर नेला तो नेमका कुठे नेला. काचेमागे बसणाऱ्या बाईला सगळे चौकशीवाली म्हणतात. खरं म्हणजे चौकशी करतात ते लोक, ही फक्त उत्तरं देते. पण नाव पडलं ते पडलं. वीसेक वर्षं उत्तरं देऊन तिचा आवाज एकाच पट्टीत बसला होता. घरी वडिलांनी मीठ कुठंय विचारलं तरी ती मान वर न करता म्हणायची, "सरळ जाऊन उजवीकडे."

घरात ती आणि आप्पा, दोघंच. तिचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, पण त्याला इतकी वर्षं लोटली होती की शेजारणींनाही त्यात काही रस उरला नव्हता. आप्पा बसडेपोत मेकॅनिक होते. आता गुडघे आणि मोतीबिंदू एवढीच त्यांची मिळकत, असं ते स्वतःच म्हणत.

चौकशीवालीनं चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, ते काही ज्ञानाच्या ओढीनं नाही. इस्पितळात चौकशी विभागाच्या प्रमुखाची खुर्ची रिकामी झाली आणि तिथे एका पोरीला बसवलं. त्या पोरीला टेलिफोनचा बोर्ड हाताळायला हिनंच शिकवलं होतं. साहेब म्हणाले, "काय करणार ताई, पदवी लागते." तेव्हापासून ती कामाची पाळी संपली की पाठीला पिशवी लावून संध्याकाळच्या कॉलेजात जायची आणि मागच्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवायची. दोन वर्षं अशी रेटली. शेवटच्या वर्षी एक निबंध लिहायचा होता, स्वतः शोधून, पुराव्यांसकट. आणि तिथे घोडं अडलं.

आधी तिनं विषय नेला, 'स्त्री आणि समाज'.

"कुठली स्त्री?" मार्गदर्शक बाईंनी विचारलं. "आणि कुठला समाज?"

चौकशीवालीला उत्तर देता आलं नाही. तिला उत्तर येत नाही असं वर्षानुवर्षांत घडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती 'मोबाईलचे दुष्परिणाम' घेऊन गेली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वयानं त्या हिच्याहून लहान होत्या, पण डोळ्यांखाली तसलीच काळी वर्तुळं, आणि टेबलावर अर्धवट खाल्लेलं सफरचंद, कडेनं तांबूस पडलेलं.

"निम्म्या वर्गानं हाच दिलाय," त्या म्हणाल्या. "अहो, एवढ्या मोठ्या विषयात तुम्ही बुडाल आणि तुमच्याबरोबर मीही बुडेन. छोटं काहीतरी आणा. एकच प्रश्न. तुम्हाला स्वतःला काय जाणून घ्यायचंय?"

"मला घरी जायचंय, बाई," चौकशीवालीच्या तोंडून निसटलं.

बाई हसल्या. "मलाही," म्हणाल्या. "पण त्यावर निबंध होत नाही."

त्या रविवारी दादा आला. दादा म्हणजे थोरला भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्याचं बिऱ्हाड, पण दर रविवारी आप्पांना भेटायला येणार, सोफ्यावर पाय पसरून बसणार आणि घरात काय काय चुकतंय ते सांगणार. आज मात्र तो भलत्याच हुरुपात होता. कालव्यावर नवा पूल होत होता आणि त्या पुलाला आप्पांचं नाव द्यावं म्हणून त्यानं खटपट मांडली होती.

आता आप्पांचं नाव पुलाला का, हे सांगायला हवं. त्या भागात लहान पोराला विचारलं तरी ती गोष्ट सांगता यायची. आप्पा तरुण होते तेव्हा एका दुपारी कुठेशी बंद पडलेली गाडी दुरुस्त करून सायकलवरून परतत होते. रस्ता कालव्याच्या काठानं. समोरून येणारी प्रवाशांनी भरलेली बस वळणावर घसरली आणि भरल्या कालव्यात गेली. आप्पांनी सायकल टाकली, पिशवीतला पाना दातांत धरला आणि उडी मारली. पान्यानं बसची मागची काच फोडली आणि एकेकाला ओढून आख्खी बस रिकामी केली. सगळेच्या सगळे वाचले. चौकशीवालीच्या लहानपणी ही माणसं नऊ होती. शाळेत तिनं निबंध लिहिला तेव्हा अकरा झाली. हल्ली चौदा म्हणत.

"विषय मिळत नाही म्हणून रडतेस?" दादा म्हणाला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरात एवढा माणूस बसलाय. लिही आप्पांवर. नगरपालिकेत मलाही दाखवायला होईल. कॉलेजचा शिक्का असला की वजन पडतं."

आप्पा खिडकीशी बसून गुडघ्याला तेल चोळत होते. "कशाला उगाच," ते म्हणाले, पण तेल चोळायचा हात जरा जोरात फिरायला लागला.

चौकशीवालीला बरं वाटलं. कुठे जायला नको, शोधायला नको. घरबसल्या विचारायचं आणि उतरवायचं. थकलेल्या माणसाला सोपी वाट दिसली की ती देवानंच दाखवली असं वाटतं.

बाईंनी विषय मान्य केला. पण लगेच म्हणाल्या, "माणूस किती थोर आहे, ते नाही लिहायचं. त्या दुपारी काय झालं, ते लिहायचं. आणि कशावरून म्हणता, तेही. सांगणारा तिथे होता का, त्यानं कधी सांगितलं, ते बघा. सांगून त्याचा काही फायदा आहे का, तेही बघा. आणि मुख्य म्हणजे दुसरा कोणी, पहिल्याचं ऐकलेलं नसताना, तेच सांगतो का?"

"वडील तिथे होते, बाई. स्वतः."

"चांगलंय. मग एक झाला."

एवढ्यावर भागेल असं वाटलं होतं, ते भागलं नाही. मग सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात जाणं आलं. तिथे जुनी वर्तमानपत्रं गठ्ठे बांधून रचलेली होती, आणि दोरी सोडली की शिंकांची माळ लागायची. पहिल्याच फेरीत तिला घबाड मिळालं. घटनेला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचा एका वर्तमानपत्रातला लेख, डेपोच्या स्मरणिकेतलं एक पान, आणि संगणकावर 'आपल्या गावचे शूर' अशा नावाच्या संकेतस्थळावरचा मजकूर. तिन्हींत आप्पा, तिन्हींत पाना, तिन्हींत सगळे सुखरूप. तिनं तिन्हींच्या प्रती काढल्या आणि बससाठी थांबल्याथांबल्या वाचू लागली. वाचता वाचता तिला हसू फुटलं. शेजारी उभी असलेली बाई दोन पावलं बाजूला सरकली.

तिन्हींत लिहिलं होतं, 'त्यांनी पान्याने मागची काज फोडली.' काच नाही, काज. शर्टाचं बटण अडकवायचं ते. कुणा टंकलेखकाचं बोट एकदा घसरलं होतं आणि ते काज वर्षानुवर्षं फुटत आलं होतं.

बाईंना दाखवलं तेव्हा त्याही हसल्या, पण मग म्हणाल्या, "म्हणजे हे तीन पुरावे नाहीत. एकच आहे. एकाला सर्दी झाली, त्याची तिघांना लागली. मूळ कुठलं ते शोधा. त्याच आठवड्यातलं काही मिळतंय का?"

चौकशीवालीनं मान हलवली. आतून तिला वाटत होतं, बाई, मी सकाळपासून उभी आहे हो. पण विषय बदलायला आता वेळ नव्हता. पदरी पडलं आणि पवित्र झालं.

परत तळघर. या खेपेला जुना गठ्ठा, कागद हातात घेतला की कडा पापडासारख्या तुटणार. घटनेच्या दुसऱ्या दिवशीची बातमी चार ओळींची होती. बस कालव्यात घसरली, नागरिकांच्या मदतीने प्रवाशांना बाहेर काढण्यात आले, जीवितहानी नाही. आप्पांचं नाव नाही, पाना नाही.  मग पुढचे अंक चाळताना एक फोटो निघाला. बस कालव्यात कलंडलेली, भोवती माणसं. काठावर गुडघ्यांत मान घालून बसलेला एक तरुण, केस कपाळाला चिकटलेले. आप्पांचे कान शंभरात ओळखू येतात. तेच होते.

तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि अर्ध्यात थांबली. बसभोवती माणसं कालव्यात उभी होती. पोहत नव्हती, उभी होती. एकानं पँट पोटरीपर्यंत दुमडली होती. पाणी त्याच्या घोट्याच्या वर वीतभर.

वीतभर पाण्यात कोण बुडतं? आणि वीतभर पाण्यात कोण उडी मारतं?

घरी आल्यावर ती आप्पांशी फार बोलली नाही. भात वाढला, भाजी वाढली. कुठेतरी पाणी मुरतंय, असं तिच्या मनात आलं आणि आपल्याच म्हणण्याचा तिला राग आला. जन्मभर ज्या माणसाची मुलगी म्हणून लोक तिला रांगेत पुढे घेत आले होते, तो माणूस समोर बसून भातात ताक ओतत होता.

"फोटो खोटा की गोष्ट खोटी?" तिनं बाईंना विचारलं.

"दोन्ही खरं असू शकतं," बाई फोटो उजेडाकडे धरून म्हणाल्या. "फोटो काढला कधी? लोक अजून ओले दिसतायत. म्हणजे फार वेळ गेलेला नाही. बस पडली तेव्हा कालवा भरलेला असेल आणि फोटोपर्यंत उतरलेला असेल."

"कालवा असा कसा उतरेल, बाई? ती काय बादली आहे?"

"ते मला काय माहीत," बाई म्हणाल्या आणि फोटो परत दिला. "तुम्ही चौकशीवाल्या ना?"

कालवा आपोआप उतरत नाही. वरच्या अंगाला लोखंडी दारं असतात, ती खाली पाडली की खालचं पाणी तुटतं, आणि ती उघडायला-पाडायला एक माणूस नेमलेला असतो. त्याला पाटकरी म्हणतात. पाटबंधारे कचेरीतून निवृत्त झालेल्या एका कारकुनाचं इस्पितळात दर महिन्याला रक्त तपासत. त्याला तिनं काचेच्या भोकातून उलट विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा आतून बाहेर प्रश्न गेला. कारकून आधी गोंधळला, मग म्हणाला, त्या भागाला होता एक पाटकरी. हुकमाशिवाय दारं पाडली म्हणून त्याची लांब बदली केली होती. केव्हाच वारला. बायको असते, लेकीकडे, जुन्या बाजाराच्या मागे.

जुन्या बाजारामागच्या त्या घरात पाटकऱ्याची बायको जमिनीवर बसून लसूण सोलत होती. चौकशीवालीनं आपण कोणाची मुलगी ते सांगितलं. म्हातारीचा हात थांबला नाही.

"ऐकून ऐकून कान किटले आमचे त्या नावानं," ती म्हणाली. "बस. खाली बसवेल ना?"

बसली. म्हातारीनं सगळं सांगितलं. दारांशेजारीच त्यांची खोली होती. दुपारी कोणी एक पोरगा सायकलवरून बोंबलत आला, बस पडली, बस पडली. पाटकरी तसाच उठला आणि दारांकडे धावला. वरच्या साहेबाला विचारायला माणूस पाठवायचा नियम होता. त्यानं पाठवला नाही. दार पाडायचं चाक गंजलेलं, एकट्याला फिरायचं नाही.

"एका बाजूनं ते, एका बाजूनं मी," म्हातारी म्हणाली. तिनं लसणाचे हात पुढे करून चाक फिरवून दाखवलं. "खांदा निखळतो की काय असं वाटलं. पण पाडलं. खालच्या शेतांचं पाणी तुटलं, ओरड झाली, तक्रारी गेल्या. त्यांना पाठवलं लांब, माझ्या माहेरापासून दोन दिवसांच्या वाटेवर. आणि इकडे सत्कार कोणाचा? तुझ्या बापाचा. तो तर पाणी उतरल्यावर आला. कोरडा माणूस!"

फोटोतले कपाळाला चिकटलेले केस चौकशीवालीला आठवले. तिला उठून जावंसं वाटलं. पण बाईंचे प्रश्न एव्हाना तिच्या जिभेवर बसले होते, खिडकीतल्या उत्तरांसारखे.

"मावशी, तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"कोणाला?"

"माझ्या वडिलांना. दारांवरून बस दिसत होती?"

म्हातारी एक पाकळी बराच वेळ सोलत राहिली. "मधे वळण आहे," शेवटी म्हणाली. "दिसत नव्हती."

"मग पाणी उतरल्यावर आले, हे कोणी सांगितलं?"

"ह्यांनी."

"त्यांनी पाहिलं?"

"त्यांनी कुठून बघायचं? ते माझ्याबरोबर चाकाला लटकलेले." तिनं चौकशीवालीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "कोणीतरी त्यांना सांगितलं असेल. माणसाला राग आला की जे सोयीचं असेल ते ऐकू येतं, बाई."

निघताना म्हातारीनं तिला दरवाजापर्यंतही सोडलं नाही. पण आतून हाक मारून म्हणाली, "लिहिशील ते नीट लिही. चाकाला मीपण होते."

त्या संध्याकाळी चौकशीवाली आप्पांच्या समोर स्टूल ओढून बसली. "आप्पा, ती गोष्ट सांगा."

आप्पांनी सांगितली. सायकल, वळण, पाना, काच. तेच शब्द, त्याच जागी थांबणं, 'आणि मग काय सांगू' हेसुद्धा नेमक्या ठिकाणी. ऐकताना तिला कळलं की आप्पा ती दुपार आठवत नाहीत, गोष्ट आठवतात. इतक्या भाषणांत, इतक्या लोकांपुढे सांगितली होती, की खालची दुपार कधीच झिजून गेली होती. यात खोटेपणा नव्हता. उलट पाढ्यासारखा चोख प्रामाणिकपणा होता.

म्हणून तिनं जे गोष्टीत नव्हतं ते विचारलं. "पायांत काय होतं तुमच्या?"

"पायांत?" आप्पा अडखळले. "बूट. डेपोचे. काळे."

"ते घालूनच उडी मारलीत?"

"मग काय सोडत बसतो? एक गेला पण. चिखलात रुतला, निघेना."

"चिखल कुठला? काठावरचा?"

"नाही गं, तळाचा. पाय टेकला ना, तेव्हा..."  आप्पांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि परत ठेवला. "पाय टेकले होते," ते सावकाश म्हणाले. "आधी नव्हते टेकत. पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याला ओढलं, मग ती लहान मुलगी, तेव्हा डोक्यावरून पाणी होतं. नाकातोंडात गेलं. तिसऱ्यांदा खाली गेलो आणि उभाच राहिलो. छातीला पाणी. मला वाटलं, मी कशावर तरी चढलोय."

"मग बाकीचे?"

 खालच्या रस्त्यावरून कोणी तरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिच्या चाकाची कुरकुर तेवढी येत होती.

"बाकीचे आत सीटांवर चढून उभे होते. ते चालत आले," आप्पा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच नवल होतं, हरवलेला चष्मा कपाळावर सापडावा तसं. "एक जाडी बाई होती. चपला हातात धरून आली. मला म्हणाली, बाजूला व्हा हो, वाट अडवून काय उभे राहिलात." आणि ते हसायला लागले. हसता हसता थांबून त्यांनी विचारलं, "पण पाणी उतरलं कसं? कोणी बंद केलं?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही स्वतःला नाही. तिनं पाटकऱ्याचं सांगितलं. चाकाचं सांगितलं, बदलीचं सांगितलं. म्हातारी काय काय बोलली त्यातलं 'कोरडा माणूस' तेवढं गाळलं. निबंधात ते तिनं घातलं, पण बापाला तोंडावर सांगणं वेगळं.

"मला घेऊन चल तिच्याकडे," आप्पा म्हणाले.

दादाला कळलं तेव्हा तो रविवारची वाट न बघता आला. दारातच सुरू झाला. "तू आपल्याच बापाच्या मुळावर उठलीस? सगळं गाव म्हणतं ते खोटं आणि तुझ्या त्या बाई खऱ्या?"

"दोघांना काढलं ते खरंच आहे, दादा. मी ते लिहिलंय. पाणी डोक्यावरून होतं तेही लिहिलंय."

"दोन! दोन माणसांसाठी पुलाला नाव देतात का?"

"दोन कमी असतात का रे?" खिडकीपाशी आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. दादा त्यांच्याकडे बघत राहिला. मग बहिणीला म्हणाला, "यांचं वय झालंय. तुला तरी कळायला हवं होतं," आणि चहा न घेता गेला. पुढचे कितीतरी रविवार तो आला नाही. आप्पा रविवारी सोफ्याकडे बघत बसत. चौकशीवालीला ते सहन व्हायचं नाही. खरं शोधलं की मन हलकं होतं, असं कुठंसं वाचलं होतं. त्याचा पुरावा तिला मिळाला नाही.

जुन्या बाजारामागे ती आप्पांना बसनं घेऊन गेली. जिने चढताना ते दर वळणावर थांबले. म्हातारी आज खुर्चीत बसली होती. कोणी सांगितलं होतं की काय, केस विंचरलेले होते.

"बसा," ती म्हणाली. "उशीर केलात."

आप्पांनी वाटेत बरंच काही जुळवलं होतं, ते सगळं विसरले. टोपी हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, "मला माहीत नव्हतं हो."

"माहीत करून घ्यायचं होतं."

"हो."

मग थोड्या वेळानं ते म्हणाले, "तिसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा माझा दम संपला होता. पाणी उतरलं नसतं तर मी काही वर आलो नसतो. ही जन्मलीही नसती." त्यांनी चौकशीवालीकडे बोट दाखवलं. हे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं. कदाचित जिना चढताना दम लागला तेव्हाच आठवलं असेल.

 म्हातारीचा उजवा खांदा डाव्याहून खाली उतरलेला होता, हे चौकशीवालीला आज दिसलं. त्या चाकामुळे की वयामुळे, ते सांगता आलं नसतं, आणि तिनं ते विचारलंही नाही. लेकीनं चहा आणला. तिघांनी प्यायला. "हे असते तर," म्हातारी कप खाली ठेवत म्हणाली, "आधी तुम्हाला दारातून आत घेतलं नसतं त्यांनी. मग घेतलं असतं."

निबंध गेला. गुण बेताचेच पडले; तळटिपा चुकीच्या पद्धतीनं लिहिल्या होत्या आणि दोन पानांचे क्रमांक उलटसुलट झाले होते. शेवटच्या पानावर बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, 'निष्कर्ष आखूड आहे. पण आहे तेवढा टिकतो.' चौकशीवालीनं ते बसमध्ये वाचलं आणि तिथेच तिचा डोळा लागला. उतरायचा थांबा दोन थांबे मागे गेला, तेवढं परत चालावं लागलं.

पुलाला नगरसेवकाच्या वडिलांचं नाव दिलं. ते गृहस्थ त्या बाजूला कधी फिरकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. दादानं फोन करून ही बातमी दिली. आवाजात राग होता, पण फोन केला होता. प्रमुखाच्या खुर्चीवर ती पोरगी अजून आहे. पदवीचा कागद आला की बघू, असं साहेब म्हणाले आहेत.

आप्पा आता गोष्ट नव्यानं सांगतात. संध्याकाळी खालच्या बाकावर निवृत्त शिंपी येऊन बसतो, त्याला सांगतात. तीत आता गंजलेलं चाक आहे, नियम मोडणारा पाटकरी आहे, त्याची बायको आहे, वळण आहे, बूट आहे. गोष्ट दुप्पट लांबली आहे आणि मधेच आप्पांना शंका येते, आधी म्हातारा की आधी मुलगी, मग ते थांबून आठवत बसतात. लोकांना चौदा जणांची बरी वाटायची. ती चहा संपेपर्यंत संपत असे.

एके संध्याकाळी चौकशीवाली कामावरून आली तेव्हा शिंपी उठून चालला होता आणि आप्पा एकटेच बाकावर होते.

"मधेच उठला," ते म्हणाले. "दार पाडायच्या आधीच."

ती त्यांच्या शेजारी टेकली. पिशवी मांडीवर घेतली, चपला काढल्या, सुजलेली पावलं गार फरशीवर ठेवली. वर जाऊन स्वयंपाक करायचा होता. उठवत नव्हतं.

"मला सांगा," ती डोळे मिटून म्हणाली. "पण सावकाश. मला सकाळची पाळी आहे, झोप लागली तर रागावू नका."

आप्पांनी घसा साफ केला आणि पाटकऱ्यापासून सुरुवात केली.